पराभवाला बोलते करणारा शिक्षक

विजयाचा इतिहास लिहावयास माणसे पुष्कळ मिळतात. पराभवाचा इतिहास लिहिणारा एखादाच भेटतो. कामगार चळवळीचा अनुभव याहून वेगळा नाही. जो संप जिंकला त्याचे वर्धापनदिन साजरे होतात. जो हरला त्याविषयी घराच्या चार भिंतींतही कोणी बोलत नाही. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात हनिया पाथ नावाचे एक लहानसे गिरणीचे गाव आहे. ६ सप्टेंबर १९३४ रोजी तेथील चिक्वोला गिरणीच्या दारात संपकऱ्यांवर गोळीबार झाला आणि सात कामगार ठार झाले. त्यांच्या अंत्यविधीला हजारोंचा समुदाय लोटला होता. आणि तरीही पुढील सुमारे साठ वर्षे त्या गावाने या घटनेचा उच्चार जवळजवळ टाळला. शाळेत ती शिकवली गेली नाही, चौकात तिची खूण राहिली नाही. गोळीबाराच्या वेळी त्या गिरणीचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा नातू त्याच गावात लहानाचा मोठा झाला. पण त्यालाही ही हकीकत प्रौढ वयात बाहेरून कळली. १९९५ साली त्या सात कामगारांच्या नावांची शिळा अखेर हनिया पाथमध्ये उभी राहिली. ही शिळा उभी राहण्यास जी अनेक कारणे झाली त्यांत एका माहितीपटाचा वाटा मोठा होता. त्याचे नाव ‘द अपरायझिंग ऑफ थर्टी फोर’. ज्युडिथ हेलफंड आणि सुझान रोस्टॉक या दोन तरुण सहकारिणींसह तो करणारे जॉर्ज स्टोनी त्या वेळी ऐंशीच्या घरात पोहोचले होते.

स्टोनी यांचे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. माहितीपटाच्या इतिहासाच्या पुस्तकांतही त्यांच्या वाट्याला थोडी पाने येतात, कारण त्यांनी आयुष्याचा मोठा भाग स्वतःचे चित्रपट करण्यात खर्च न करता इतरांच्या हाती कॅमेरा देण्यात खर्च केला. असे काम करणाऱ्याचे नाव श्रेयनामावलीत खाली जाते आणि पुढे गळूनही पडते. तथापि ज्यांना लोकांमध्ये काम करावयाचे आहे अशा कार्यकर्त्यांनी या माणसाच्या कारकिर्दीचा विचार करणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते. ‘लोकांसाठी बोलणे’ आणि ‘लोकांना बोलू देणे’ यांत जे अंतर आहे ते चळवळीतील माणसालाही सहजासहजी ओलांडता येत नाही. स्टोनी यांनी ते ओलांडण्याचा प्रयत्न साठ वर्षे केला. कधी यश मिळाले, कधी नाही.

१ जुलै १९१६ रोजी नॉर्थ कॅरोलिनातील विन्स्टन-सेलम या तंबाखूच्या कारखान्यांच्या शहरात त्यांचा जन्म झाला. चॅपेल हिल येथील विद्यापीठात त्यांनी वृत्तपत्रविद्येचे शिक्षण घेतले आणि नंतर न्यूयॉर्कच्या हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या गरीब वस्तीतील सेवाकेंद्रात काम केले. पुढे एका मोठ्या अभ्यासात त्यांना उमेदवारी करण्याची संधी मिळाली. ‘एशियन ड्रामा’मुळे आपल्या वाचकांना ठाऊक असलेले स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नर मिर्डाल त्या वेळी अमेरिकेतील वर्णभेदाचा अभ्यास करीत होते, त्याचे फलित म्हणजे १९४४ साली प्रसिद्ध झालेला ‘ॲन अमेरिकन डायलेमा’ हा ग्रंथ. या अभ्यासासाठी राल्फ बंच दक्षिणेतील मताधिकाराची स्थिती तपासत होते आणि तरुण स्टोनी त्यांच्या हाताखाली क्षेत्रसंशोधक होते. कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्याच्या युक्त्या कोणत्या, मतदान-कर भरण्याची ऐपत नसलेल्या गोऱ्या गरिबांचे काय होते, हे त्यांनी गावोगाव हिंडून, माणसांशी बोलून टिपले. त्यानंतर ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’ या मंदीत बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी स्थापन झालेल्या सरकारी खात्यात त्यांनी माहिती अधिकारी म्हणून काम केले. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते. चित्रपटाच्या व्यवसायात ते आले ते १९४६ साली, तिशी गाठल्यावर. पण तोवर ऐकण्याचे शिक्षण त्यांचे पुरे झाले होते. कॅमेरा चालविण्यापूर्वी त्यांनी माणसांपुढे बसावयास शिकून घेतले, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

त्यांची कीर्ती ज्या चित्रपटावर उभी आहे तो ‘ऑल माय बेबीज’ १९५३ सालचा. जॉर्जिया राज्याच्या आरोग्य खात्याला खेड्यापाड्यांतील सुइणींच्या प्रशिक्षणासाठी एक चित्रपट हवा होता. दक्षिणेतील कृष्णवर्णीय स्त्रियांची बाळंतपणे त्या काळी मुख्यतः या सुइणींच्या हातून होत. रुग्णालयांची दारे एक तर बंद होती, नाहीतर खर्चाने परवडणारी नव्हती. सरकारी प्रशिक्षणपटात काय असते हे सांगावयास नको: पांढऱ्या कोटातील डॉक्टर बोलतो आणि अडाणी समजली जाणारी बाई मान डोलावते. स्टोनी यांनी डॉक्टरांनी दिलेल्या सर्व सूचना चित्रपटात घातल्या, पण त्या सांगण्याचा अधिकार दिला मेरी कोली या ऑल्बनी गावच्या कृष्णवर्णीय सुइणीला. मेरीबाईंनी आपल्या हयातीत तीन हजारांहून अधिक बाळंतपणे केली, असे सांगितले जाते. हात कसे धुवावेत, पिशवीत काय ठेवावे, बाळंतिणीच्या घरात स्वच्छता कशी राखावी हे सारे प्रेक्षक त्यांच्या मागोमाग दोन घरांत जाऊन पाहतो. एका घरात तयारी आहे, दुसऱ्यात दारिद्र्याने कोणतीही तयारी होऊ दिलेली नाही. प्रत्यक्ष प्रसूतीही चित्रपटात आहे. वर्णविभक्त दक्षिणेत, सरकारच्या पैशाने, एका कृष्णवर्णीय कष्टकरी स्त्रीला तज्ज्ञ म्हणून उभे करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहयादीत २००२ साली या चित्रपटाचा समावेश झाला.

मात्र प्रशंसेच्या भरात या चित्रपटाची मर्यादा दृष्टीआड करू नये. डॉक्टर गोरे आणि सुईण काळी, तपासणारे ते आणि तपासली जाणारी ती, ही रचना चित्रपटात तशीच राहिली आहे. दुसऱ्या घरातले दारिद्र्य कोठून आले हा प्रश्न प्रशिक्षणपटात विचारलाच जात नाही. शिवाय पुढील काही दशकांत दक्षिणेतील या सुइणींना परवाने नाकारून त्यांचा व्यवसाय मोडण्यात आला आणि तो मोडणारी आरोग्ययंत्रणा तीच होती. चांगला चित्रपट माणसाची प्रतिष्ठा दाखवू शकतो. ती टिकविण्यासाठी जे बळ लागते ते संघटनेतून येते. पडद्यावरच्या माणसाचे पडद्याबाहेर काय होते, हा प्रश्न स्टोनी यांच्या पुढील कामाच्या मुळाशी होता.

या प्रश्नाचे एक उत्तर त्यांना कॅनडात सापडले. १९६८ ते १९७० या काळात ते कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाच्या ‘चॅलेंज फॉर चेंज’ या उपक्रमाचे प्रमुख होते. उपक्रमाचा आरंभ १९६७ साली झालेला होता. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील फोगो बेटावरून मच्छीमारांना उठवून दुसरीकडे वसविण्याचा सरकारचा विचार चालू असताना कॉलिन लो यांनी तेथे जाऊन एकच मोठा चित्रपट न करता दोन डझनांहून अधिक छोटे चित्रपट केले. एकेका माणसाचे, एकेका प्रश्नावरचे बोलणे टिपावयाचे, ते प्रथम त्यालाच दाखवावयाचे, त्याच्या संमतीने शेजारच्या गावांत दाखवावयाचे आणि मग चर्चा घडवावयाची, अशी ती पद्धत होती. समोरासमोर भांडणारी गावे एकमेकांचे म्हणणे पडद्यावर शांतपणे ऐकू लागली. आपली अडचण दहा गावांची आहे हे लोकांना उमगले. मच्छीमारांनी आपली सहकारी संस्था उभारली, आणि बेट उठले नाही. चित्रफिती राजधानीतील अधिकाऱ्यांनीही पाहिल्या. मंत्र्याने दिलेले उत्तरही चित्रित होऊन बेटावर दाखविले गेले. साऱ्या प्रक्रियेत चित्रपट हे निमित्त होते. खरे काम चित्रपट संपल्यावर दिवे लागत तेव्हा सुरू होई.

स्टोनी यांच्या कारकिर्दीत या पद्धतीला दोन नवी वळणे मिळाली. पहिले म्हणजे आदिवासींचे स्वतःचे चित्रपट-पथक. १८ डिसेंबर १९६८ रोजी आक्वेसास्ने येथील मोहॉक लोकांनी कॅनडा आणि अमेरिका यांना जोडणारा पूल अडविला. १७९४च्या जे तहाने सीमा विनाशुल्क ओलांडण्याचा आपला हक्क मान्य केला असता आपल्याच भूमीवर आपल्याकडून जकात का घेतली जाते, असा त्यांचा सवाल होता. पथकातील माइक मिचेल हे त्याच जमातीचे. त्यांचा निरोप येताच स्टोनी यांनी परवानग्यांच्या फेऱ्यांत न अडकता घाईने कॅमेरे पाठविले. त्यातून ‘यू आर ऑन इंडियन लँड’ हा १९६९ सालचा चित्रपट निर्माण झाला. पोलिसांनी लोकांना ओढून गाडीत घातले ते त्यात आहे आणि बर्फात उभे राहून कायद्याचा मुद्दा शांतपणे मांडणारे मोहॉकही आहेत. या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून मिचेल यांचे नाव मंडळाने नोंदविले ते मात्र कित्येक दशकांनंतर. लोकांच्या हाती कॅमेरा देणारी संस्थाही श्रेय देताना किती मागे राहते, याचे हे उदाहरण होय.

दुसरे वळण व्हिडिओचे. चित्रपटाची फीत धुऊन येईपर्यंत आठवडे जात. व्हिडिओवर टिपलेले त्याच संध्याकाळी दाखविता येई. खांद्याला अडकवून नेता येईल असे यंत्र तेव्हा नुकतेच बाजारात आले होते. मॉन्ट्रियलच्या सेंट जॅक या गरीब वस्तीतील नागरिकांच्या समितीला ‘चॅलेंज फॉर चेंज’च्या बॉनी शेर क्लाइन आणि डोरोथी हेनो यांनी हे यंत्र दिले. ते घेऊन रहिवासी शेजाऱ्यांच्या मुलाखती घेऊ लागले आणि वस्तीच्या सभेत त्या दाखवू लागले.

१९७०च्या दशकाच्या आरंभी स्टोनी न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवू लागले आणि रेड बर्न्स यांच्यासह त्यांनी तेथे ‘ऑल्टरनेट मीडिया सेंटर’ स्थापन केले. अमेरिकेत तेव्हा केबल दूरदर्शनचे जाळे पसरू लागले होते. तारा टाकावयाच्या तर शहराचे रस्ते खणावे लागतात, आणि रस्ते कोणा कंपनीचे नसून नागरिकांचे असतात. हा साधा मुद्दा पकडून स्टोनी आणि त्यांचे सहकारी म्हणाले की सार्वजनिक रस्ता वापरणाऱ्या कंपनीने त्याच्या मोबदल्यात लोकांसाठी एक वाहिनी मोकळी ठेवावी, साधने द्यावीत आणि ती वापरण्यास शिकवावे. ‘पब्लिक ॲक्सेस’ म्हणून ओळखली जाणारी ही व्यवस्था न्यूयॉर्कमध्ये १९७१ साली सुरू झाली. १९७२ साली केंद्रीय दळणवळण आयोगाने मोठ्या केबल-क्षेत्रांत ती बंधनकारक केली. १९७६ साली स्थानिक कार्यक्रम करणाऱ्यांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत स्टोनी होते. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला असा नियम करण्याचा अधिकार नाही असे ठरविले. परंतु लढा थांबला नाही, आणि १९८४च्या केबल कायद्याने निदान शहरांना तरी कंपन्यांकडून अशा वाहिन्या मागण्याची मुभा दिली. पेनसिल्व्हेनियातील रेडिंग या शहरात १९७६ साली वृद्ध नागरिकांसाठी दुतर्फा केबल सुरू झाली. वृद्ध मंडळी आपापल्या केंद्रांतून पडद्यावर एकमेकांशी बोलत आणि नगराच्या कारभाऱ्यांना प्रश्न विचारीत. त्या प्रयोगामागेही हेच केंद्र होते.

या व्यवस्थेचे दोषही उघड आहेत. दार सर्वांना मोकळे ठेवले की आत येणाऱ्याची निवड करता येत नाही. १९८८ साली कॅन्सस सिटी येथे ‘कु क्लक्स क्लॅन’ या वर्णद्वेषी संघटनेने याच वाहिनीवर वेळ मागितली. नगरपरिषदेने तिला रोखण्यासाठी वाहिनीच बंद केली आणि न्यायालयीन लढ्यानंतर दुसऱ्या वर्षी ती पुन्हा उघडावी लागली. अनेक ठिकाणी वाहिन्या रिकाम्या राहिल्या किंवा हौशी मंडळींच्या करमणुकीत संपल्या. साधन मिळाले म्हणजे आवाज मिळाला असे होत नाही. आवाज मिळाला म्हणजे सत्ता मिळाली असे तर मुळीच होत नाही. ज्या शहरांत भाडेकरूंच्या समित्या, कामगार संघटना किंवा वस्तीतील मंडळे जागी होती तेथे या वाहिनीचा उपयोग झाला. जेथे संघटना नव्हती तेथे यंत्र कपाटात धूळ खात पडले. ‘ॲक्सेस’च्या चळवळीने या फरकाकडे पुरेसे लक्ष दिले नाही, हा तिच्यावरील आक्षेप आम्हांस योग्य वाटतो. आता तर प्रेक्षक केबल सोडून चालल्यामुळे ज्या महसुलावर ही केंद्रे चालत तोच आटू लागला आहे.

शिक्षक म्हणून स्टोनी कसे होते याचा उत्तम पुरावा त्यांच्या १९७८ सालच्या ‘हाऊ द मिथ वॉज मेड’ या चित्रपटात मिळतो. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा ‘मॅन ऑफ ॲरन’ हा १९३४ सालचा चित्रपट आयर्लंडच्या पश्चिमेकडील खडकाळ बेटांवरील जीवनाचे महाकाव्य म्हणून गाजला. स्टोनी यांचे पूर्वज तिकडचेच. त्यांनी बेटावर जाऊन हयात असलेल्या माणसांना विचारले, तुमच्याकडून काय करून घेतले? पडद्यावर जे कुटुंब दिसते ते परस्परांशी नाते नसलेल्या माणसांचे जुळवलेले होते. ज्या प्रचंड माशाची शिकार दाखविली ती बेटावरून कित्येक दशकांपूर्वी नाहीशी झाली होती. हार्पून कसा मारावा हे लोकांना नव्याने शिकवावे लागले. आणि ज्यांच्यामुळे बेटकरी दगडांवर समुद्र-शेवाळ पसरून माती तयार करीत होते ते जमीनदार, खंड आणि जप्ती चित्रपटात नव्हते. पडद्यावर माणसाचा शत्रू समुद्र झाला होता, जमीनमालक अदृश्य झाला होता. स्टोनी यांनी हे सारे सूडबुद्धीने मांडले नाही. फ्लाहर्टींची प्रतिभा त्यांना मान्य होती आणि आपल्याही चित्रपटांत जुळवाजुळव असते हे ते नाकारीत नसत. विद्यार्थ्यांना त्यांनी एक कसोटी दिली: सुंदर चित्र पाहिल्यावर त्यातून काय वगळले ते विचारा, आणि ते चित्रातल्या माणसाला विचारा.

याच १९३४ साली, ॲरनच्या लाटा चित्रपटगृहांत गर्जत असताना, अमेरिकेच्या दक्षिणेत सूतगिरण्यांचे कामगार उठले होते. मंदीच्या काळात, १९३३ साली, रूझवेल्ट सरकारने कापड उद्योगासाठी ठरविलेल्या संहितेने चाळीस तासांचा आठवडा आणि दक्षिणेत आठवड्याला किमान १२ डॉलर मजुरी मान्य केली. मालकांनी ती कागदावर पाळली आणि प्रत्येक कामगाराकडे पूर्वीच्या दुप्पट यंत्रे सोपवून वसूल केली. या ‘स्ट्रेच-आउट’विरुद्ध सप्टेंबर १९३४ मध्ये सार्वत्रिक संप झाला. मेनपासून अलाबामापर्यंत सुमारे चार लाख कामगार बाहेर पडले. अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या संपांपैकी तो एक. जॉर्जियाच्या गव्हर्नर टॅलमॅज यांनी लष्करी कायदा पुकारून संपकऱ्यांना, त्यांत स्त्रियांनाही, काटेरी तारांच्या आड डांबले. तीन आठवड्यांनी, सरकारी मंडळाच्या मोघम आश्वासनांवर विसंबून, नेतृत्वाने संप मागे घेतला. परतलेल्या हजारो कामगारांना गिरणीने दारातून परत पाठविले. घर गिरणीचे, दुकान गिरणीचे, चर्चही गिरणीच्या देणगीवर चालणारे. नोकरी गेली की माणूस गावातून उठे. उरलेल्यांनी तोंड मिटले आणि मुलांनाही मिटावयास शिकविले.

साठ वर्षांनी स्टोनी आणि त्यांच्या सहकारिणी या गावांतून हिंडल्या तेव्हा त्यांच्याजवळ प्रश्नावली नव्हती. जुनी वृत्तचित्रे आणि छायाचित्रे होती. म्हाताऱ्या माणसांच्या बैठकीत ती दाखवावयाची आणि विचारावयाचे, यातले कोणाला ओळखता? माणूस प्रथम शेजाऱ्याला ओळखी, मग भावाला, मग स्वतःला. आणि मग बोलू लागे. कामगारांनी त्या काळी रूझवेल्ट यांना लिहिलेली हजारो पत्रे राष्ट्रीय अभिलेखागारात पडून होती. आपल्या आईबापांनी राष्ट्राध्यक्षाला असे बाणेदार पत्र लिहिले होते हे कित्येकांना प्रथमच कळले. गिरण्यांच्या व्यवस्थापकांनाही बोलण्याची संधी मिळाली. ज्यांना त्या काळी गिरणीत फक्त झाडलोट आणि हमाली मिळे त्या कृष्णवर्णीयांचीही साक्ष चित्रपटात आली. १९९५ साली हा चित्रपट सार्वजनिक दूरदर्शनवर दाखविण्यात आला आणि त्यासाठी जमविलेल्या मुलाखतींचा प्रचंड साठा जॉर्जिया राज्य विद्यापीठाच्या कामगार अभिलेखागारात ठेवण्यात आला. वारल्यावरही ज्यांचे बोलणे शिल्लक राहील अशी व्यवस्था त्या माणसांसाठी झाली. स्टोनी स्वतः १२ जुलै २०१२ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी निवर्तले. अखेरच्या वर्षांपर्यंत ते शिकवीत होते.

हे सारे वाचताना गिरणगाव आठवला नाही असा वाचक आमच्यात नसेल. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला होता आणि कामगारांचा बहुसंख्य भाग तिच्याबाहेर उभा होता. म्हणजे कोणी बोलावयाचे हाच त्या लढ्याच्या गाभ्याचा प्रश्न होता. पुढे गिरण्या मोडल्या, जमिनी विकल्या गेल्या, चिमण्यांच्या जागी मनोरे आले. हनिया पाथसारखे मौन मुंबईवर पडले नाही हे खरे. घरांच्या मागणीसाठी कामगार आणि त्यांचे वारस झगडत राहिले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या साक्षी गोळा करून २००४ साली ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हा ग्रंथ सिद्ध केला. टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकविणाऱ्या अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००१ साली ‘साचा’ हा माहितीपट केला. नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या दृष्टीतून तो या शहराकडे पाहतो. ही कामे मोलाची आहेत. पण संपानंतर जे साताऱ्याला, रत्नागिरीला, सिंधुदुर्गाला गावी परतले, जे पहारेकरी झाले, ज्यांच्या बायकांनी खाणावळी चालवून घर सावरले, त्यांपैकी किती जणांचे बोलणे आपल्या संग्रही आहे? संपाच्या वेळी जो पंचविशीत होता तो आज सत्तरीच्या आसपास आहे. सांगणारे रोज कमी होत आहेत.

साधनांची सबब आता कोणी सांगू नये. प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात कॅमेरा आहे. परंतु त्या कॅमेऱ्याने आपण काय करतो? मोर्चात व्यासपीठ टिपतो, भाषण टिपतो, पुढाऱ्याच्या गळ्यातील हार टिपतो आणि ते परस्पर जगाकडे पाठवून मोकळे होतो. समोर बसलेल्या माणसाला त्याचे चित्र दाखविण्याची, त्याची संमती घेण्याची, ते पाहून दहा जणांनी चर्चा करण्याची पायरी आपण गाळून टाकतो. फोगो बेटावर जे घडले ते या गाळलेल्या पायरीवर घडले होते. खाजगी कंपनीच्या मंचावर चढविलेली चित्रफीत कोणाला दिसावी आणि कोणाला दिसू नये हे ती कंपनी ठरविते. ‘रस्ता आमचा आहे, मोबदला द्या’ असे तिला म्हणणारा स्टोनी अद्याप आपल्याकडे उभा राहिलेला नाही.

आपल्याकडेही या मार्गाच्या खुणा आहेत. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेतील कष्टकरी स्त्रियांनी, त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नसताना, मार्था स्टुअर्ट या अमेरिकन महिलेकडून १९८४ साली व्हिडिओचे शिक्षण घेतले आणि ‘व्हिडिओ सेवा’ उभी केली. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला, आणि २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक आकाशवाणी केंद्रे चालविण्याची परवानगी मिळाली. तेलंगणातील पस्तापूरच्या दलित स्त्रियांचे आणि सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे केंद्र २००८ सालापासूनचे. पण या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवाव्या लागतात. गावाने पाककृती सांगावी, गाणी म्हणावीत, पण ग्रामसभेत काल काय झाले ते बातमी म्हणून सांगू नये, असा हा न्याय आहे. त्याविरुद्ध आवाज उठविणे हेही आपले काम होय. आपल्या केबल कायद्यात दूरदर्शनच्या वाहिन्या दाखविण्याची सक्ती आहे. नागरिकांसाठी एक वाहिनी राखण्याची तरतूद मात्र नाही, आणि ती कोणी जोराने मागितलीही नाही.

सत्यशोधक जलशांपासून शाहिरांच्या फडांपर्यंत लोकांच्या तोंडून लोकांचे म्हणणे मांडण्याची मोठी परंपरा महाराष्ट्राला आहे. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांना गिरणगावाने आपले म्हटले ते त्यांनी चाळीत राहून, चाळीचे ऐकून लिहिले-गायिले म्हणून. तेव्हा स्टोनी यांच्याकडून आपण काही परके शिकत आहोत असे मानण्याचे कारण नाही. आपण विसरलेली एक रीत त्यांच्या निमित्ताने आठवावयाची आहे.

आमची कार्यकर्त्यांना विनंती साधी आहे. आपापल्या तालुक्यात १९८२च्या संपातील जे स्त्री-पुरुष हयात असतील त्यांची यादी करा. त्यांच्याकडे जाताना भाषण घेऊन जाऊ नका; जुने छायाचित्र, संपाच्या काळातले पत्रक, युनियनची पावती, काही तरी घेऊन जा. विचारा आणि थांबा. जे टिपाल ते प्रथम त्यांना दाखवा, त्यांना जे वगळावेसे वाटेल ते वगळा, आणि मग गावातल्या दहा माणसांना बोलावून पुन्हा दाखवा. एक प्रत जिल्ह्याच्या ग्रंथालयात ठेवा. या माणसांनी आपल्या चुकांविषयी, नेतृत्वाच्या चुकांविषयी, आपल्या पक्षाविषयीही काही कठोर बोलावे, तर तेही पुसू नका. जे बोलणे आपल्याला सोयीचे तेवढेच ठेवणारा संग्रह मालकाच्या संग्रहापेक्षा वेगळा ठरणार नाही.

हनिया पाथला सात नावे दगडावर कोरण्यास साठ वर्षे लागली. गिरणगावाच्या संपाला चाळीस वर्षे केव्हाच होऊन गेली आहेत.